औषधोपचार, शरीरस्वास्थ्य आणि दात-हिरड्यांचे आरोग्य

रुग्णालयात प्रत्येक अवयवासाठी स्वतंत्र विभाग असतो. हृदयरोग, अस्थिरोग, मूत्रपिंडविकार, बालरोग, दंतरोग अशा पाट्या दारांवर लागलेल्या असतात आणि रुग्ण आपापल्या तक्रारीप्रमाणे त्या त्या दारी जातो. व्यवस्थेच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यकच आहे. परंतु शरीर तिला जुमानत नाही. मधुमेहाचा परिणाम हिरड्यांवर होतो. फिट्सच्या गोळीने हिरड्या वाढून दात झाकू लागतात. हाडांच्या ठिसूळपणावर घेतलेल्या औषधामुळे दात काढल्यानंतरची जखम क्वचित भरेनाशी होते. उलटपक्षी, हिरड्यांत मुरलेल्या जंतुसंसर्गामुळे रक्तातील साखर आटोक्यात आणणे अवघड जाते.

असे असूनही दंतवैद्याकडे जाणारा रुग्ण आपल्या रक्तदाबाच्या वा हृदयाच्या गोळ्यांचा उल्लेख सहसा करीत नाही. दाताच्या दुखण्याशी त्यांचा काय संबंध, असे त्याला वाटते. मधुमेहाच्या तपासणीस आलेली गृहिणी हिरड्यांतून रक्त येते ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालीत नाही. तो दातांचा प्रश्न आहे, अशी तिची समजूत असते. या दोन न सांगितलेल्या गोष्टींमुळे टाळता येण्याजोगे नुकसान होते. आपले देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांना हा संबंध नीट उमगावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हिरड्यांचा विकार कसा होतो?

दात जबड्याच्या हाडातील खोबणीत बसलेला असतो आणि त्याच्या मुळाभोवती हिरडीचे घट्ट वेष्टन असते. दातांवर जंतूंचा एक चिकट, पातळ थर अहोरात्र साचत असतो. तो रोज काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे त्याचे कठीण कीटण बनते. या जंतूंशी शरीर झुंजू लागले, की हिरडी लाल होते, सुजते आणि दात घासताना रक्त येते. ही पहिली अवस्था स्वच्छतेने व उपचाराने पूर्ण बरी होऊ शकते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास अनेकांमध्ये दाताभोवतीचे हाड हळूहळू झिजू लागते व दात हलू लागतात. झिजलेले हाड बहुधा पूर्ववत होत नाही. हा सारा प्रकार बरेचदा वेदनेविना घडतो, म्हणून तो उशिरा ध्यानात येतो.

जंतूंचा थर सर्वांच्याच दातांवर साचतो. मात्र कोणाच्या हिरड्या किती बिघडतील, हे शरीराची प्रतिकारशक्ती, रक्तपुरवठा, लाळेचे प्रमाण आणि जखम भरून येण्याची क्षमता यांवर अवलंबून असते. आजार आणि औषधे यांचा प्रभाव पडतो तो नेमका याच ठिकाणी.

येथे इतिहासातील एक इशारा नोंदवणे योग्य ठरेल. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० साली आणि पुढे १९१० साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात, तोंडातील जंतुसंसर्ग हा शरीरातील अनेक रोगांचे मूळ असल्याचे मत आग्रहाने मांडले. या विचाराचा एवढा पगडा बसला, की पुढील दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत संधिवातापासून मानसिक विकारांपर्यंत नाना आजारांवर उपाय म्हणून असंख्य चांगले दात काढले गेले. त्यातून आजार बरे झाले नाहीत आणि ही प्रथा मागे पडली. तेव्हा तोंडाचा शरीराशी संबंध आहे याचा अर्थ प्रत्येक आजाराचे खापर दातांवर फोडावे, असा होत नाही. जो संबंध सिद्ध झाला आहे तेवढाच ध्यानात घ्यावा व त्यानुसार वागावे.

मधुमेह : दोन्ही बाजूंनी असलेला संबंध

असा सर्वांत भक्कम पुरावा मधुमेहाच्या बाबतीत उपलब्ध आहे. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा न भरणे या परिचित दुष्परिणामांच्या जोडीला हिरड्यांचा विकार हा मधुमेहाचा सहावा दुष्परिणाम मानावा, असे हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञांनी १९९३ साली लिहिले. साखर सतत वाढलेली राहिली, की सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि हिरड्यांची सूज लांबते.

या संबंधाची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. हिरड्यांतील दीर्घकालीन सुजेमुळे निर्माण होणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. हिरड्यांचे योग्य उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी या चाचणीचा आकडा सरासरीने सुमारे ०.४ने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे ८.४ असलेला आकडा साधारण ८ वर यावा, एवढा हा फरक होय. हे उपचार गोळ्यांची वा पथ्याची जागा घेऊ शकत नाहीत, पण त्यांना हातभार निश्चित लावतात.

एक व्यावहारिक सूचना येथेच द्यावीशी वाटते. जागा बधिर करून होणाऱ्या दंतोपचारासाठी मधुमेही रुग्णाने उपाशीपोटी येऊ नये. नेहमीची न्याहारी आणि नेहमीची औषधे घेऊन शक्यतो सकाळच्या वेळी यावे. गोळी घेतली पण न्याहारी टाळली, तर उपचाराच्या खुर्चीतच साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

लाळ आटते तेव्हा

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुऊन नेते, जंतूंनी निर्माण केलेले आम्ल सौम्य करते आणि दातांच्या आवरणाला क्षार परत पुरवते. लाळ कमी झाली, की दातांचे हे नैसर्गिक कवच हरपते. मग पूर्वी कधीही कीड न लागलेल्या दातांना, विशेषतः हिरडीलगत, वर्षभरात अनेक ठिकाणी कीड लागलेली आढळते.

तोंडाला कोरड आणणारी औषधे थोडीथोडकी नाहीत. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्य व अन्य मानसिक विकारांवरील अनेक औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिली जाणारी औषधे अशी ही मोठी यादी आहे. वयोवृद्धांना यांतील दोन-तीन औषधे एकाच वेळी चालू असतात. साहजिकच तोंड कोरडे पडते, कवळी टोचू लागते, सुका घास गिळणे अवघड होते. अशा वेळी बरेच जण खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी तोंडात धरतात. कोरड्या तोंडातील दातांना यासारखे घातक दुसरे काही नाही. त्याऐवजी घोट घोट पाणी प्यावे, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी आणि कोरड फारच असह्य झाल्यास औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावे. मात्रा, वेळ किंवा औषध बदलणे अनेकदा शक्य असते.

दम्याच्या पंपातील स्टेरॉइड औषधाचा अंश तोंडात राहिला, तर बुरशीचे पांढरे चट्टे उमटतात. पंप घेतल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकणे, एवढा साधा उपाय त्यावर पुरतो.

हिरड्या वाढवणारी औषधे

फिट्स आवरणारे फेनिटॉइन हे औषध १९३८ साली उपयोगात आले आणि दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, त्यामुळे हिरड्या वाढत असल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात झाली. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी अंदाजे निम्म्या रुग्णांत कमी-अधिक प्रमाणात हा परिणाम दिसतो. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन व निफेडिपिन, तसेच मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांमुळेही काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात. वाढलेली हिरडी दात झाकू लागते, घासताना ब्रश नीट पोहोचत नाही, जंतूंचा थर साचतो आणि त्यामुळे हिरडी अधिकच वाढते.

दातांची काटेकोर स्वच्छता आणि ठरावीक मुदतीने कीटण काढून घेणे यांमुळे ही वाढ बरीच रोखता येते. गरज पडल्यास वाढलेला भाग छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो आणि शक्य असेल तेथे डॉक्टर पर्यायी औषध देतात. मात्र मुलाच्या हिरड्या वाईट दिसतात म्हणून पालकांनी फिट्सची गोळी परस्पर बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे. हे औषध एकाएकी थांबवल्यास फिट्स एकामागून एक येत राहून जिवावर बेतू शकते.

रक्त पातळ करणारी औषधे आणि हृदयाच्या झडपा

औषध परस्पर बंद करण्याची चूक आणखी एका बाबतीत वारंवार होते. दात काढायचा म्हणून रुग्ण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल यांसारखी औषधे चार-आठ दिवस आपणहून थांबवतो. त्यामागे रक्त थांबणार नाही ही भीती असते. वास्तविक दात काढल्यानंतरचा रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, तेथे बोळा दाबून धरता येतो, टाका घालता येतो. हृदयातील स्टेंटमध्ये किंवा कृत्रिम झडपेवर धरलेली गुठळी मात्र दिसत नाही आणि बोळ्याने थांबत नाही. म्हणून एक-दोन दात काढण्यासारख्या साध्या उपचारांत ही औषधे सहसा चालूच ठेवतात. वॉरफरिन वा ॲसिनोकुमेरॉल घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्तचाचणी उपचारापूर्वी एक-दोन दिवसांत करून घेतली जाते. निर्णय दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो.

याच रुग्णांनी आणखी एक काळजी घ्यावी. दात ठणकू लागला म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन वा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी किंवा मेट्रोनिडॅझोल आणून घेऊ नये. मेट्रोनिडॅझोलमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून शरीरात रक्तस्राव होऊ शकतो आणि त्या वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाचा जंतुसंसर्ग होऊन गेलेला आणि जन्मजात हृदयविकाराचे काही रुग्ण यांच्या बाबतीत, हिरडीला छेद जाणाऱ्या उपचारांच्या वेळी तोंडातील जंतू रक्तात शिरून झडपेवर घर करण्याची भीती असते. त्यांना उपचारापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते. संधिवाताच्या तापामुळे झडप बिघडलेले रुग्ण आपल्याकडे आजही आढळतात. त्यांनीही दंतवैद्याला ही माहिती अवश्य द्यावी. हिरड्या सुजलेल्या असल्या, की नित्याच्या चावण्या-घासण्यानेही जंतू रक्तात जात असतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या दृष्टीने रोजची मुखस्वच्छता हा हृदयाच्या काळजीचाच भाग ठरतो.

हाडांची औषधे आणि किरणोपचार

हाडांच्या ठिसूळपणावर ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे वार्षिक इंजेक्शन देतात. कर्करोग हाडांत पसरला असता याच वर्गातील औषधे अधिक मात्रेत व वारंवार द्यावी लागतात. अमेरिकेतील शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली, अशा काही रुग्णांच्या जबड्याचे हाड उघडे पडून मृत होत असल्याकडे लक्ष वेधले. दात काढणे हे त्याचे एक प्रमुख निमित्त असते. ठिसूळपणासाठी औषध घेणाऱ्यांत हा धोका फारच अल्प आहे, कर्करोगाच्या मात्रेत तो बराच अधिक आहे. फ्रॅक्चरपासून मिळणारे संरक्षण पाहता या भीतीने औषध नाकारणे शहाणपणाचे नव्हे. शहाणपण आहे ते औषध सुरू होण्याआधी दात तपासून घेण्यात. जे दात काढणे भागच आहे ते आधी काढावेत, जखम भरू द्यावी आणि मग औषध सुरू करावे. ही औषधे हाडात वर्षानुवर्षे टिकून राहतात, म्हणून इंजेक्शन घेऊन दोन-तीन वर्षे लोटली असली तरी ते दंतवैद्याला सांगावे.

तोंड, जबडा वा घसा यांच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. किरणांमुळे लाळग्रंथी आणि जबड्याचा रक्तपुरवठा दोन्ही क्षीण होतात. म्हणून उपचाराच्या घाईतही दातांची तपासणी आधी व्हावयास हवी.

तोंडात उमटणारी शरीराची चिन्हे

कित्येकदा आजाराची पहिली खूण तोंडातच दिसते. जीभ गुळगुळीत होऊन झोंबणे आणि ओठांच्या कडा चिरणे ही लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. पूर्ण शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता होण्याचा संभव अधिक असतो. स्वच्छता राखूनही हिरड्या अकस्मात सुजल्या, आपोआप रक्त येऊ लागले आणि जोडीला ताप व अशक्तपणा असेल, तर रक्ताची तपासणी तातडीने करावी. क्वचित प्रसंगी ही रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात असते.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. समजुतीच्या घोटाळ्यामुळे ती रोज घेतली जाण्याचे प्रकार घडतात आणि त्याचा पहिला इशारा बहुधा तोंड येण्याच्या रूपाने मिळतो. हे औषध घेणाऱ्याचे तोंड आले, तर मलम लावून वाट पाहू नये. पुढची गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना गाठावे.

तंबाखूच्या बाबतीत धोका उलट्या दिशेचा आहे. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे विशेषतः धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून आतला विकार वाढत असूनही रक्त फारसे येत नाही आणि रुग्ण निर्धास्त राहतो. मशेरी लावल्याने दात घट्ट राहतात, हा समज घरोघरी आजही ऐकू येतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. ती हिरडी दातापासून मागे सरकवते आणि मुखकर्करोगाला निमंत्रण देते.

गर्भवती, बालके आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण

गर्भारपणातील संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या चटकन सुजतात व रक्त येते. बाळंतपणानंतर पाहू, असे म्हणून उपचार लांबवण्याचे कारण नाही; चौथा ते सहावा महिना दंतोपचारासाठी सोयीचा असतो. उलट्या होत असल्यास लगेच ब्रश न करता आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, कारण पोटातील आम्लाने दातांचे आवरण तात्पुरते मऊ झालेले असते. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे उत्तरार्धातील गर्भवतींना व आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत, कारण घडत असलेल्या दातांवर त्यांचे कायमचे डाग राहतात. जुन्या चिठ्ठीवरून घरातल्या मुलाला औषध आणून देऊ नये, याचे हेही एक कारण होय. लहान मुलांची बरीच पातळ औषधे साखरेच्या पाकातील असतात. रात्री औषध पाजल्यावर मुलाला तसेच झोपवू नये. पाणी पाजावे वा दात पुसून घ्यावेत.

पक्षाघाताने किंवा वार्धक्याने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या तोंडाची स्वच्छता घरच्या माणसांच्याच हाती असते. तोंडातील जंतू श्वासावाटे फुप्फुसांत उतरले, की न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या तोंडाची नियमित निगा राखली गेली त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. रुग्णाला कुशीवर किंवा टेकून बसवून मऊ ब्रशने दात, हिरड्या व जीभ हलकेच पुसावी.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

१. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि कारण एका कागदावर लिहून तो दंतवैद्याला दाखवावा. वार्षिक वा सहामाही इंजेक्शने, दम्याचे पंप आणि आयुर्वेदिक औषधे यांचीही त्यात नोंद करावी. लिहिणे जमत नसल्यास औषधांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत.

२. हिरड्यांतून रक्त येणे, तोंड कोरडे पडणे, दात हलणे, तोंड येणे या गोष्टी नेहमीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

३. दातांसाठी कोणतेही औषध स्वतः होऊन थांबवू नये व सुरूही करू नये.

४. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, त्यांपैकी एकदा झोपण्यापूर्वी, दात घासावेत.

५. तोंडातील कोणताही व्रण, पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तपासणी करून घ्यावी.

या सूचनांपैकी एकीलाही मोठा खर्च येत नाही. कीटण काढणे, किडलेला दात वेळीच भरणे, इंजेक्शनापूर्वी तोंड तपासणे हे उपचार साधे आहेत. ते वेळेवर न झाल्यास ओढवणारी शस्त्रक्रिया, जबड्याचा विकार किंवा अतिदक्षता विभागातील मुक्काम मात्र गरीब कुटुंबाला न पेलणारा असतो. देणगीदारांनी आणि विश्वस्तांनी दंतविभागाकडे या दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे. दंतोपचाराच्या एका खुर्चीसाठी दिलेला पैसा मधुमेह, हृदयरोग, कर्करोग आणि प्रसूती या विभागांतील रुग्णांच्याही उपयोगी पडतो.